वंशावळीची नोंद: हिरवी रेघ आधी

चर्चमधून निघालेल्या इंग्लंडमधल्या उपनगरी क्लबांची वंशावळ मी मोठ्या कागदावर मांडतोय. हिरवी शाई क्रिकेटला, निळी फुटबॉलला. या महिन्यात तक्ता अर्धा खोडून पुन्हा काढावा लागला, कारण अ‍ॅस्टन व्हिलाची रेघ मी निळ्याने सुरू केली होती. ती हिरव्यानेच सुरू व्हायला हवी. बर्मिंगहॅमच्या व्हिला क्रॉस वेस्लियन चॅपलचा क्रिकेट संघ आधी होता; हिवाळ्यात हात-पाय मोकळे राहावेत म्हणून त्याच पोरांनी १८७४ मध्ये फुटबॉल सुरू केला. पहिल्या सामन्यातला प्रतिस्पर्धी संघ, अ‍ॅस्टन ब्रूक सेंट मेरीज, रग्बीवाला. मग पूर्वार्ध रग्बीच्या नियमांनी आणि उत्तरार्ध फुटबॉलच्या नियमांनी खेळून व्हिला १-० ने जिंकला.

ही एक रेघ दुरुस्त झाली आणि बाकीच्या आपोआप सरळ झाल्या. लिव्हरपूलमध्ये सेंट डोमिंगो चॅपलच्या क्रिकेटपटूंनी १८७८ मध्ये थंडीतला खेळ म्हणून फुटबॉल धरला. चॅपलबाहेरच्यांनाही संघात यायचं होतं, म्हणून पुढच्याच वर्षी नाव एव्हर्टन झालं. आपल्याकडे या क्लबांबद्दल बोलताना ‘चर्चने काढलेले फुटबॉल क्लब’ म्हणतात. मला ते अपुरं वाटतं. व्हिला आणि एव्हर्टनच्या बाबतीत तरी आधी उन्हाळ्यात जमलेला क्रिकेटचा कंपू होता, आणि सप्टेंबरनंतर तो पांगू नये ही खरी गरज होती.

शनिवारचा धागाही आता तक्त्यात आलाय. १८५० च्या कारखाना कायद्याने कापड गिरण्यांतल्या बायका आणि अल्पवयीन कामगारांचं शनिवारचं काम दुपारी दोनला थांबवलं. पुढे शनिवारची अर्धी सुट्टी इतर धंद्यांतही पसरली. रविवार देवाचा, त्या दिवशी बॅट उचलायची नाही. त्यामुळे चर्चच्या संघाला हा एकच दुपारचा तुकडा मिळायचा. हा संकोच किती खोल होता बघा: कौंटी संघांची नियमित रविवारची लीग, जॉन प्लेअर लीग, सुरू व्हायला १९६९ उजाडलं. शेफील्ड वेन्सडे चर्चचा क्लब नाही, म्हणून समासात ठेवलाय, पण १८२० चा तो क्रिकेट क्लब आपल्या खेळाडूंच्या अर्ध्या सुट्टीचा वारच, म्हणजे बुधवार, नावात घेऊन बसलाय.

सगळ्यात जास्त वेळ फुलहॅमने घेतला, आणि तो सार्थकी लागला. लंडनच्या पश्चिमेचा हा भाग तेव्हा भाजीच्या मळ्यांचा. मळे जाऊन घरांच्या रांगा उभ्या राहत होत्या. नव्या वस्तीत ओळखीपाळखी व्हायची एक जागा म्हणजे चर्च. तिथल्या सेंट अँड्र्यूज चर्चच्या भाविकांनी, त्यातले बहुतेक क्रिकेटमध्ये तरबेज, १८७९ मध्ये संघ काढला. नाव लांबलचक: फुलहॅम सेंट अँड्र्यूज चर्च संडे स्कूल. १८८७ मध्ये त्यांनी वेस्ट लंडन अमॅच्युअर कप जिंकला आणि १८८८ च्या डिसेंबरात नावातून संत, चर्च आणि संडे स्कूल तिन्ही गळून नुसतं फुलहॅम उरलं. क्रेव्हन कॉटेज मैदान त्यानंतर, १८९६ मध्ये आलं. नाव आखूड होताना वस्ती मोठी होत गेली, हे मला तक्त्यावर एकाखाली एक लिहिल्यावरच दिसलं.

मँचेस्टरची ओळ काल रात्री पूर्ण केली. वेस्ट गॉर्टनच्या सेंट मार्क्स चर्चचा क्रिकेट संघ होताच. १८८० मध्ये फुटबॉल आला आणि नोंद असलेला पहिला सामना १३ नोव्हेंबरला मॅकल्सफील्डच्या बॅप्टिस्ट चर्चविरुद्ध झाला, २-१ ने हरले. मग क्लबचं नाव बदलत गेलं: गॉर्टन, अर्डविक आणि १८९४ मध्ये मँचेस्टर सिटी. १८८४ चा गॉर्टनचा संघाचा फोटो भिंग लावून बघितला. काळे जर्सी, आणि प्रत्येकाच्या छातीवर पांढरा, टोकांना रुंद होत गेलेला क्रॉस. काही जण हाताची घडी घालून उभे, क्रॉसचा खालचा भाग दंडाआड गेलेला. नावातला संत गेला होता, छातीवरची खूण मात्र अजून होती.

म्हणून या ओळीत गॉर्टनपाशी दोन्ही रेघा काही अंतर सोबत नेल्यात, हिरवी वर, निळी खाली. पुढच्या वेळी बोल्टन: ख्राइस्ट चर्च, १८७४.