ल्युपस नेफ्रायटिस: रिपोर्टांची वही कशी ठेवली

बहिणीला ल्युपस नेफ्रायटिस आहे, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती उलटून किडनीला दाह होतो तो आजार. किडनीच्या बायोप्सीत क्लास ४ (गंभीर प्रकार) निघाला तेव्हापासून तिची फाईल माझ्याकडे आहे. किडनी पुढे किती टिकेल हे रक्तावरून कळतं का? अंदाज येतो, पण एका आकड्यावरून नाही आणि एका रिपोर्टवरून तर नाहीच.

वहीत रकाने आखले: तारीख, क्रिएटिनिन (किडनी गाळून टाकते तो कचरा), सी३ आणि सी४ (प्रतिकारशक्तीची कॉम्प्लिमेंट प्रथिनं), अँटी-डीएसडीएनए (ल्युपसमधली अँटीबॉडी), अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन), सीआरपी (दाह दाखवणारं प्रथिन), सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), लघवीतलं प्रोटीन-क्रिएटिनिन गुणोत्तर. शेवटचा रकाना त्या दिवशीच्या प्रेडनिसोलोनच्या, म्हणजे स्टिरॉइडच्या, डोसचा. तो फार महत्त्वाचा. स्टिरॉइडने पांढऱ्या पेशींपैकी न्यूट्रोफिल वाढतात, लिम्फोसाइट घटतात. म्हणून डोस जास्त असताना या दोघांच्या गुणोत्तरावरून दाह किती आहे हे मी ठरवत नाही.

सगळ्यात फसवा आकडा क्रिएटिनिनचा. ३० वर्षांच्या बाईचं ०.७ वरून १.० झालं तर लॅबच्या कागदावर दोन्ही नॉर्मल, ठळक अक्षरात काहीच नाही. पण सीकेडी-ईपीआय २०२१ या सूत्राने काढलेला ईजीएफआर (किडनीच्या गाळण्याच्या वेगाचा अंदाज) साधारण ११९ वरून ७८ वर आलेला असतो. म्हणून लॅबची रेंज नाही, आपलाच मागचा आकडा बघायचा. उलटही होतं. आदल्या रात्री मटण झालं असेल, नागपूरच्या मे महिन्यात पाणी कमी पडलं असेल, किंवा को-ट्रायमोक्साझोल (एक अँटिबायोटिक) सुरू झालं असेल, तर क्रिएटिनिन चढतं. त्या गोळीने किडनी बिघडलेली नसतानाही ते वाढू शकतं, कारण किडनीच्या नलिकांतून बाहेर पडणारं क्रिएटिनिन अडतं. डॉक्टरांना गोळीची तारीख सांगावीच.

सी३, सी४ घसरताहेत आणि डीएसडीएनए चढतंय, असं एकत्र दिसलं तर आजार उसळायच्या बेतात असू शकतो. काहींचं सी४ मात्र शांत काळातही कमीच राहतं. डीएसडीएनएसाठी लॅब बदलू नये. आम्ही एकदा बदलली आणि आकडा एकदम मोठा आला; दोन दिवस घरात जेवण गेलं नाही. दोन्हीकडची पद्धत आणि एककं वेगळी होती, एवढंच. उन्हाळ्यात घरून सॅम्पल देताना बर्फाची पेटी आहे का ते बघते. बेसावरून रामदासपेठेत दुपारी डिकीतून ट्यूब गेली तर कॉम्प्लिमेंटच्या आकड्यावर भरवसा ठेवता येत नाही.

सीआरपीबद्दल एकच. ल्युपस उसळला तरी तो बहुधा फारसा वाढत नाही. एकदम चढला तर आधी इन्फेक्शन शोधतात.

आता खरं भाकीत. ते रक्तापेक्षा लघवीच्या रकान्यात जास्त असतं. उपचार सुरू झाल्यावर ३ महिन्यांत प्रोटीन निदान २५ टक्के, ६ महिन्यांत ५० टक्के उतरावं, आणि १२ महिन्यांपर्यंत गुणोत्तर ०.५ ते ०.७ च्या खाली यावं, असं युरोपातल्या तज्ज्ञांचं मार्गदर्शन आहे. सुरुवातीलाच प्रोटीन खूप जात असेल तर ६ ते १२ महिने जास्तही लागतात, तेव्हा घाबरून औषध सोडू नये. सॅम्पल सकाळच्या पहिल्या लघवीचं. पाळीत, तापात किंवा जळजळ असताना दिलं तर आकडा उगाच फुगतो. मी ती तारीख चार दिवस पुढे ढकलते, आणि ताप उतरत नसेल तर सरळ ओपीडी गाठते.