बल्गेरिया: कमी खर्चात, पोटभर

"युरोप बघायचाय, पण पॅरिस-स्वित्झर्लंडचा खर्च झेपणार नाही. बल्गेरिया स्वस्त आहे म्हणतात, खरं का? आणि आम्ही शाकाहारी माणसं, तिथे खायचं काय?" मी नोकरीनिमित्त बल्गेरियाच्या राजधानीत, सोफियात राहते हे कळलं की पुण्या-नाशिकचे नातेवाईक आणि त्यांच्या ओळखीचे लोक हे दोन्ही प्रश्न एका दमात विचारतात. फोनवर तुकड्यातुकड्यांत सांगून होतं आणि नेमकं महत्त्वाचं राहून जातं. तुम्ही विचारलंत म्हणून आता सलग लिहिते.

पश्चिम युरोपच्या मानाने बल्गेरिया अजूनही स्वस्त आहे. 1 जानेवारी 2025 पासून तो पूर्णपणे शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांच्या गटात आला, त्यामुळे शेंगेन व्हिसावर येता येतं. 1 जानेवारी 2026 पासून लेव्ह हे जुनं चलन जाऊन युरो आला, त्यामुळे पैसे बदलून घ्यायची कटकटही संपली. कुठे जुन्या लेव्हमधल्या किमती वाचल्यात तर त्यांना साधारण दोनाने भागा आणि वर थोडी महागाई धरा.

पण स्वस्त म्हणजे हलकं, दुय्यम, असं मनात धरून येऊ नका. या देशात जे सगळ्यात चांगलं आहे तेच कमी पैशात मिळतं. डोंगर, मठ, रोमन काळातले रस्ते, दही, मिरच्या, घेवड्याचं सार हे सगळं इथल्या माणसांच्या रोजच्या जगण्यातलं आहे, त्यामुळे त्याची किंमत त्यांच्या खिशाला परवडेल अशीच असते. पैसे जातात ते खास परदेशी पाहुण्यांसाठी उभ्या केलेल्या ठिकाणी. काळ्या समुद्रावरच्या सनी बीचला सगळ्या जेवणांसकट पॅकेज मिळतं आणि ते आकर्षक वाटतं, पण तिथे आठवडाभर राहून तुम्हाला बल्गेरिया फारसा भेटणार नाही. समुद्रच हवा असेल तर सोझोपोलला जा. जुनी लाकडी घरं, मासेमारांचं बंदर, घरगुती खोल्या.

सोफियाच्या विमानतळावरून मेट्रो थेट शहराच्या मध्यात, सेर्दिका स्टेशनला सोडते. टॅक्सीच्या भानगडीत पडूच नका. स्टेशनातून वर येताना डाव्या-उजव्या हाताला सेर्दिकाचे, म्हणजे रोमन काळातल्या सोफियाचे, रस्ते आणि घरांचे पाये दिसतात. लोक ऑफिसला जाताना त्यांच्या शेजारून जातात. जवळच सरकारी इमारतींच्या आवारात चौथ्या शतकातलं सेंट जॉर्जचं गोल चर्च आहे. तिथून थोडं चाललं की जुन्या स्नानगृहाच्या बाजूला गरम खनिज पाण्याचे नळ लागतात. म्हातारी माणसं मोठाले कॅन घेऊन येतात, ओळीने भरतात, गप्पा मारतात. पाणी फुकट आहे, तुमचीही बाटली भरून घ्या. तिकीट काढून बघावं असं सोफियात एकच ठिकाण सांगेन: वितोशा डोंगराच्या पायथ्याचं बोयाना चर्च. 1259 सालची भित्तिचित्रं. थोड्या थोड्या लोकांना काही मिनिटांसाठीच आत सोडतात. त्या चित्रांतले चेहरे इतके जिवंत आहेत की तेवढा वेळ कमी वाटतो.

रिला मठासाठी मात्र अख्खा दिवस ठेवा. सोफियापासून साधारण 120 किलोमीटर, चहूबाजूंनी जंगल. मठाची स्थापना दहाव्या शतकातली. 1833 च्या आगीत बराचसा जळाला आणि देशभरच्या लोकांच्या देणग्यांतून पुन्हा उभा राहिला. आत शिरलं की काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या कमानी, तीन-चार मजली लाकडी सज्जे आणि चर्चच्या ओसरीभर रंगवलेली चित्रं. अंगणात जायला तिकीट नाही. संग्रहालयाला आहे, आणि ते काढाच, कारण आत राफाइल नावाच्या साधूने कोरलेला लाकडी क्रॉस आहे. 104 धार्मिक प्रसंग आणि साडेसहाशे आकृत्या, काही तर तांदळाच्या दाण्याहून लहान. बारा वर्षं काम करून 1802 साली त्याने तो पुरा केला आणि त्यात त्याची दृष्टी गेली. मी प्रत्येक पाहुण्याला त्या काचेसमोर उभं करते. मग मागच्या दरवाजाबाहेरच्या छोट्या बेकरीत जायचं. तिथे मेकित्सी मिळतात: दह्यात भिजवलेल्या कणकेचे, तेलात फुलवलेले, वर पिठीसाखर भुरभुरलेले मऊ वडे. कागदात गरमागरम देतात, बोटं पोळतात. थांबू नका, गार झाले की चामट होतात.

प्लोवदिव्हचं रोमन नाट्यगृह आणि कापाना भागातल्या गल्ल्या एका दिवसात होतात. वेलिको तर्नोवोला एक रात्र राहा. यांत्रा नदीच्या वळणावर टेकडीवर चढत गेलेलं हे गाव 1393 पर्यंत राजधानी होतं, आणि त्सारेवेत्स किल्ल्यावर संध्याकाळी जावं. पण वेळ कमी असेल आणि एकच निवडायचं असेल, तर मी सेप्तेम्व्री ते दोब्रिनिश्ते ही छोटी रेल्वे निवडेन. सेप्तेम्व्री हे सोफिया-प्लोवदिव्ह मार्गावरचंच स्टेशन. तिथून 76 सेंटिमीटर रुंदीच्या रुळांवरून गाडी 125 किलोमीटर जाते आणि त्याला पाच तास घेते. डोंगरात रूळ स्वतःभोवती वळसे घेत वर चढतात. आव्रामोव्हो हे स्टेशन 1267 मीटरवर आहे. बाल्कन भागात याहून उंच स्टेशन नाही. तिकीट अगदी किरकोळ. डब्यात बाजाराला निघालेल्या आज्या असतात, पिशव्यांतून कांद्याची पात डोकावत असते. सोबत खाण्यापिण्याचं घेऊन बसा.

आता खायचं काय. आधी एक शब्द पाठ करा: पोस्तनो, म्हणजे उपवासाचं. ऑर्थोडॉक्स चर्चच्या उपवासात मांस, दूध, अंडी काहीच चालत नाही, आणि हे उपवास ईस्टरच्या आधी, नाताळच्या आधी असे आठवडेच्या आठवडे चालतात. त्यामुळे घेवडा, मसूर, कोबी, भोपळा, मिरच्या यांचा भरभक्कम स्वयंपाक इथल्या घरांत पिढ्यानपिढ्या मुरलेला आहे. नाताळच्या आदल्या रात्रीचं जेवण बिनमांसाचं असतं आणि पदार्थांची संख्या विषम लागते. म्हणून इथला शाकाहार ही पाहुण्यांसाठी काढलेली पळवाट नाही. कोबीच्या पानांतली सारमी किंवा बॉब चोर्बा, म्हणजे घेवड्याचं सार, मागवताना "पोस्तनो?" असं जरूर विचारा, कारण सारमीत एरवी खिमा असतो आणि चोर्बात कधी धुरावलेलं मांस. आणि उत्तर ऐका, डोक्याकडे बघू नका: इथे डोकं वर उचललं की नाही, आणि डावी-उजवीकडे हललं की हो.

कामाच्या दिवशी दुपारी फळ्यावर "ओबेद्नो मेन्यू" (दुपारच्या जेवणाचा मेन्यू) लिहिलेलं छोटं हॉटेल शोधा. आसपासच्या ऑफिसांतली माणसं तिथे जेवतात, आणि संध्याकाळच्या मानाने निम्म्या खर्चात काम होतं. मेन्यूत प्रत्येक पदार्थापुढे ग्रॅम लिहिलेले असतात, तेव्हा दोघांत किती पुरेल याचा अंदाज येतो. ब्रेडचे वेगळे पैसे पडतात. उन्हाळ्यात तारातोर घ्या: पातळ केलेलं दही, बारीक चिरलेली काकडी, शेपू, लसूण, अक्रोड, बर्फासारखं गार. त्याच्यासोबत शॉप्स्का सॅलड, टोमॅटो-काकडीवर किसलेल्या खारट सिरेने चीजचा ढीग. हा पदार्थ प्राचीन वगैरे नाही. समाजवादी काळात बाल्कनटुरिस्ट या सरकारी पर्यटन संस्थेने तो रुजवला. तरी ऑगस्टचे टोमॅटो असले की त्याला तोड नाही. सकाळी बेकरीतून बानित्सा: पापुद्र्यांत अंडी आणि सिरेने. अंडं चालत नसेल त्यांनी भोपळा-अक्रोडाचा तिक्वेनिक मागावा.

दह्याबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण इथल्या माणसांचा जीव त्यात आहे. ज्या जिवाणूने हे दही लागतं तो स्तामेन ग्रिगोरोव्ह या बल्गेरियन विद्यार्थ्याने 1905 मध्ये जिनिव्हात शोधला, आणि त्याला बल्गेरियाचंच नाव मिळालं. दुकानात 400 ग्रॅमचे डबे असतात. त्यावर बल्गेरियन लिपीत "बेदेसे" (БДС) ही तीन अक्षरं बघून घ्या, म्हणजे सरकारी मानकाप्रमाणे केलेलं. म्हशीचं किंवा मेंढीचं मिळालं तर सोडू नका. रिला भागात म्हशीचं दही सुरीने कापावं इतकं घट्ट असतं.

केव्हा यायचं? गुलाबांची तोडणी बघायची असेल तर मे अखेर ते जूनच्या सुरुवातीला कझानलाकच्या खोऱ्यात. मला विचाराल तर सप्टेंबर. समुद्र अजून कोमट, खोल्यांचे दर उतरलेले, आणि आपल्याकडे उन्हाळ्यात पापड-कुरडयांची धांदल असते तशी इथे घरोघर हिवाळ्याची बेगमी चाललेली. घरांच्या गॅलऱ्यांत चुश्कोपेक लागतात. हे मातीच्या नळकांड्यासारखं विजेचं उपकरण. त्यात एकेक मोठी, गोडसर लाल मिरची उभी सोडायची, साल काळी पडली की काढून झाकून ठेवायची आणि मग सोलायची. अख्ख्या गल्लीला तो वास. त्याच मिरच्या टोमॅटोबरोबर तासन्‌तास ढवळून ल्युतेनित्सा ही घट्ट चटणी करतात. बाजारात आज्या घरची ल्युतेनित्सा बरण्या भरून विकतात. एक नक्की घ्या आणि कपड्यांत गुंडाळून चेक-इनच्या बॅगेत ठेवा. हातातल्या सामानात ती सोडत नाहीत.