मूडचा आकडा आणि लयीचा आकडा: बेसवाल्याच्या वहीतले आठ आठवडे

मी आमच्या चौघांच्या बँडमध्ये बेस गिटार वाजवतो. मागच्या नोंदीत ठरवलं होतं की प्रत्येक सरावाचे दोन आकडे लिहायचे. घरी पोचल्यावर कसं वाटलं, दहापैकी किती, हा पहिला. दुसरा म्हणजे दुसऱ्या दिवशी रेकॉर्डिंग ऐकत मोजलेली लय. पहिला आकडा आधीच लिहून टाकायचा, नंतर त्याला हात लावायचा नाही. ही अट स्वतःसाठीच, कारण रेकॉर्डिंग ऐकल्यावर ‘मला तेव्हाच वाटलं होतं’ असं म्हणायला मी मोकळा.

पहिल्या आठवड्यात मूड ९. ड्रमर आणि मी एकमेकांकडे न बघता एकत्र थांबलो, एकत्र सुटलो. शेवटच्या गाण्याला तर गायिका गाता गाता हसत होती. दुसऱ्या दिवशी मोजलं, तर ११८ बीपीएमला (मिनिटाला ११८ मात्रा) सुरू केलेलं गाणं १२७ ला संपलेलं! चार मिनिटांचं गाणं नऊएक सेकंद आधीच आटोपलं. जी मजा वाटत होती ती पळण्याची होती. आणि पळवत कोण होतं? ड्रमर, असं मी वहीत लिहिलं. मग फक्त बेस आणि किक ड्रम (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) कान देऊन ऐकले आणि ते खोडलं. कोरस (गाण्याचं धृपद) आला की मीच प्रत्येक मात्रेच्या किंचित आधी पडत होतो. तो बिचारा मला सांभाळून घेत होता.

दुसरा, तिसरा आठवडा: मूड ६ आणि ६. विशेष काही नाही.

चौथा आठवडा वाईट गेला. मूड ३. खोलीत नेहमीची चढाओढ सुरू झाली. गिटारवाल्याने अँपचा (अँप्लिफायरचा) आवाज वाढवला, म्हणून ड्रमर जोरात, म्हणून मी वर, म्हणून गायिकेला स्वतःचा आवाज ऐकू येईना आणि ती बेसूर. तासाभराने कोणी कोणाशी बोलत नव्हतं. ‘मी थांबतो’, म्हणजे बँड सोडतो, असा मेसेज मी रात्री लिहिला होता, पाठवला मात्र नाही. (मसुदा अजून फोनमध्ये आहे. काढत नाही.)

रेकॉर्डिंगमध्ये पुन्हा चोर घरातलाच निघाला. माझा टोन मी घरी, शेजाऱ्यांना जपत, हळू आवाजात बसवलेला. १९३३ मध्ये बेल लॅब्जच्या फ्लेचर आणि मन्सन यांनी कानाचे जे आलेख मांडले, त्यांत हेच दिसतं: आवाज हळू असताना कानाला खर्ज फारच कमी ऐकू येतो. म्हणून घरी आपण बेसची कळ वाढवतो. तीच कळ सरावाच्या आवाजात सगळा चिखल करते. किक ड्रमच्या डोक्यावर मी बसलेलो, दोघेही अस्पष्ट, म्हणून दोघेही वाढवतोय. पुढच्या वेळी बेसची कळ मधोमध आणली, मिड (मधल्या स्वरांची कळ) थोडा वर केला, व्हॉल्यूम उलट कमी. मी स्पष्ट ऐकू येऊ लागलो. मूड ७. बेसवाल्यांनो, हे एकदा करून बघाच.

सहाव्या आठवड्यात गायिकेला एक गाणं ई पट्टीवरून खालच्या डी पट्टीवर हवं होतं. तिचं बरोबरच होतं, वरचा स्वर ताणला जात होता. पण त्या गाण्याचा माझा लाडका रिफ (पुन्हा पुन्हा येणारा सुरांचा तुकडा) सगळा खुल्या ई तारेवर उभा! तार डीपर्यंत उतरवली की ती ढिली पडून फ्रेटवर (गिटारच्या दांडीवरच्या धातूच्या पट्ट्यांवर) खडखडते. दोन दिवस मी रुसलो होतो, हे कबूल. शेवटी जाड तार चढवली. रिफ आता जरा मंद, भारदस्त वाटतो. मूड ५, नंतर ६.

आठवा आठवडा, कार्यक्रम. मॉनिटरमध्ये (वाजवणाऱ्यांसाठी स्टेजवर ठेवलेल्या स्पीकरमध्ये) बेस जवळजवळ नाहीच. जे ऐकू येत होतं ते समोरच्या भिंतीवरून परतून. भिंत बारा मीटरवर धरा, जाऊन-येऊन चोवीस, म्हणजे आवाज साधारण ७० मिलिसेकंद उशिरा. ११८ च्या लयीत मात्रेचा चौथा हिस्सा १२७ मिलिसेकंदांचा असतो, त्याच्या निम्म्याहून जास्त उशीर. कानावर भरवसा ठेवला तर माणूस मागे मागे सरकत जाणार. मी कान सोडून दिले आणि पूर्ण वेळ ड्रमरच्या किकवरच्या पायाकडे बघत वाजवलं. मजा शून्य. एकदा कोरसला एक बार, म्हणजे एक आवर्तन, आधी शिरलो, जीभ चावली, परत फिरलो. मूड २. खाली उतरल्यावर वायरी गुंडाळल्या आणि निघालो.

तीन दिवस रेकॉर्डिंग उघडलं नाही. चौथ्या दिवशी गायिकेचा फोन आला: “तू पूर्ण वेळ चिडलेला होतास. माझं काही चुकलं का?” मी पायाकडे बघत होतो. तिला दिसलं ते कपाळावर आठ्या घालून तिच्याकडे पाठ फिरवलेला माणूस. तिने त्या रात्री दोन गाणी घाबरत घाबरत म्हटली होती, आणि माझ्या वहीत त्यासाठी रकानाच नव्हता.

मग ऐकलं. सुरुवात ११८, शेवट ११९. आठ आठवड्यांतली सगळ्यात घट्ट लय. चुकीची एन्ट्री आहे, एकाच स्वराची, आणि गिटारखाली जवळपास बुडालेली.

पुढच्या सरावापासून चौघांनीही आपापला आकडा लिहायचा असं ठरलंय. कार्यक्रमाचा ड्रमरचा ६, गायिकेचा ४. गिटारवाल्याचा ९, आणि रेकॉर्डिंग ऐकायला तो अजून तयार नाही.