काजू वेचायला माणूस का मिळत नाही?

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात आमची थोडी काजूची बागायत आहे हे कळलं की पणजीतली मंडळी हमखास विचारतात: गावात पोरं रिकामी आहेत म्हणता, वर काजू वेचायला माणूस नाही असंही म्हणता, यातलं खरं काय? तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो. दोन्ही खरं आहे.

काजूचा हंगाम मार्च ते मे. फेणीसाठी बोंडू, म्हणजे काजूचं रसाळ फळ, झाडावरून तोडत नाहीत, पिकून पडलेला उचलतात. उजाडताच डोंगर चढायचा, टोकाला खिळा ठोकलेल्या काठीनं बोंडू टोचायचा, बी पिळून काढायची, आणि ऊन चढायच्या आत टोपली भट्टीवर. बोंडू उद्यापर्यंत थांबत नाही, म्हणून रविवारची सुट्टीही नाही. पाऊस आला की सगळं बंद. ज्याला दुचाकीचा हप्ता बाराही महिने भरायचा आहे, तो या अडीच महिन्यांसाठी पणजीतली बारा हजारांची नोकरी सोडून येईल? मी आलो नसतो. (खरं तर मीही गेलोच होतो.)

खाणींच्या दिवसांत शेजारच्या गावांतली तरणी माणसं ट्रकवर गेली. 2012 मध्ये खाणी बंद पडल्या, तेव्हा म्हातारे म्हणाले, आता परततील. फार थोडे परतले. एकदा सुटलेला हात पुन्हा काठीला लागत नाही.

मग रोजगार हमीचं काय? 2005च्या कायद्यानं घराला वर्षाला 100 दिवस दिले. 2024-25 साली गोव्यातला दर होता रोज 356 रुपये. पण ती कामं बांध, पाणंद, तळ्याचा गाळ अशी. माझे काजू वेचणं त्यात बसत नाही, आणि बसूही नये. त्या कामावर गोव्यात बहुतेक बायकाच दिसतात. आमच्या वहिनीनं एका पंचायतीत तोंडी काम मागितलं आणि दोन महिने नुसती वाट पाहिली. अर्ज लेखी हवा, त्याची तारखेची पोचपावती हवी. पंधरा दिवसांत काम नाही मिळालं तर बेकारी भत्त्याचा हक्क त्या कागदावरच उभा राहतो. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. मीही नाही.

2025च्या डिसेंबरात संसदेनं मंजूर केलेल्या नव्या कायद्यात दिवस 125 आहेत, आणि पेरणी-कापणीच्या काळात शेताला माणसं मिळावीत म्हणून एकूण 60 दिवस ही कामं थांबवायची सोय आहे. बागायतदार म्हणून मला हे आवडायला हवं. पण तिचं काम थांबवलं म्हणून वहिनी माझ्या डोंगरावर येईल असं नाही. गुडघे दुखतात तिचे. तिची मजुरी तेवढी बुडेल.

यंदा आम्ही डोंगर अर्ध्या वाट्यानं दिलाय. सीमेपलीकडून एक जोडपं येतं, निम्म्या बिया त्यांच्या, निम्म्या आमच्या. रोजंदारीवर ते तयार नव्हते.