दलालांची रेषा

आज नागपूरच्या बर्डीवर जुन्या पुस्तकांच्या ढिगात 'दीपावली'चा एक जुना अंक मिळाला आणि दुपारची सगळी कामं बाजूलाच राहिली. चित्रकार दीनानाथ दलाल! १९१६ साली मडगावात जन्मलेला हा माणूस १९४५ पासून 'दीपावली' हा स्वतःचा दिवाळी अंक काढत होता, शिवाय मराठी पुस्तकांची किती मुखपृष्ठं त्यांनी केली असतील!

मला रंगांपेक्षा आतली काळी-पांढरी कथाचित्रं जास्त भिडली. तेव्हा रेखाचित्रांचे जस्ताचे ब्लॉक करून छापत. त्यात शाई एक तर उमटते, नाही तर नाही. अधलामधला करडा रंग नाहीच. सावली हवी तर ती रेषांनी, ठिपक्यांनी किंवा कोरड्या ब्रशनेच आणायची. आणि दलाल एका जाड-बारीक होत जाणाऱ्या रेषेत पाठीचा बाक, पदराचा भार, मनातली घालमेल सगळं आणतात. खोडाखोड दिसतच नाही. (ओठ तर नुसते दोन फटकारे!)

घरी येऊन टॅबलेट बंद ठेवला, बोरू आणि काळी शाई काढली. रात्रीपर्यंत फक्त हात काढत बसले. बोटं अजून लाकडी येताहेत, पण मनगट मोकळं व्हायला लागलंय.

नागपुरात कुणाकडे 'दीपावली'चे १९७१ पूर्वीचे, म्हणजे दलाल हयात असतानाचे, अंक असतील तर कळवा. घरी येऊन, तिथेच बसून बघेन.