उत्तरेच्या खिडकीतले हरीण

नववीच्या वर्षी जूनपासून दिवाळीच्या सुट्टीपर्यंत माझी खरी शाळा शेवटची घंटा झाल्यावर सुरू व्हायची. चित्रकलेच्या वर्गाला उत्तरेकडे एक मोठी खिडकी होती. तिच्याखाली सतरंजी टाकून, एक गुडघा उभा करून, त्यावर फळी टेकवून मी बसत असे. लघुचित्रांच्या आंतरशालेय स्पर्धेसाठी शाळेने आम्हां तिघींची नावे दिली होती. विषय रागमाला, कागद फार तर आठ इंच बाय सहा इंच.

रागाचेही चित्र असते हे मला सरांमुळे कळले. जुन्या चिताऱ्यांनी एकेका रागाला रूप दिले, कुठे नायिका, कुठे ऋतू, कुठे देव. मी तोडी रागिणी निवडली: रानात वीणा घेऊन उभी असलेली एकटी स्त्री आणि सुरांच्या ओढीने जवळ आलेली हरणे. हरणे काढायला मिळणार, एवढाच तेव्हाचा विचार.

पहिला महिनाभर सरांनी रंगाला हात लावू दिला नाही. नुसत्या रेघा. दोन्ही टोकांना निमुळती, मध्ये किंचित भरलेली, केसाएवढी रेघ. जुने चितारी खारीच्या शेपटीचे केस पिसाच्या नळीत बसवून कुंचला करत. आमच्याकडे शून्य नंबरचा ब्रश होता. करंगळी कागदावर टेकवायची, श्वास धरायचा, रेघ पुरी झाली की सोडायचा. मी घाईने हात चालवला की सर मागून म्हणत, "अगं, थांब. रेघ पळतेय तुझी." रोज शंभर रेघा काढायच्या आणि त्यांतल्या चांगल्या चार आपणच खुणा करून दाखवायच्या. निवडताना चुकले तर सर काही न बोलता दुसऱ्याच रेघेवर बोट ठेवत. आपल्या कामातले बरे कोणते आणि वाईट कोणते हे ओळखायला मी तिथे शिकले. रेघ ओढण्यापेक्षा ते अवघड होते.

पावसाळ्यात एका रविवारी सर आम्हाला मुंबईला संग्रहालय दाखवायला घेऊन गेले. आज त्याला छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय म्हणतात. हिमालयाच्या पायथ्याच्या संस्थानांतल्या पहाडी चित्रांसमोर त्यांनी आम्हाला एकेक भिंग दिले. त्यांपैकी बसोहली संस्थानाच्या चित्रांत दागिन्यातल्या पाचूच्या जागी भुंगेऱ्याच्या चकाकत्या हिरव्या पंखाचे तुकडे चिकटवत, हे त्यांनी तिथे सांगितले. मोती म्हणजे घट्ट पांढऱ्याचे टेकवलेले थेंब, म्हणून ते कागदावर उठून दिसतात. परतीच्या गाडीत त्यांनी नैनसुखची गोष्ट सांगितली. गुलेरच्या चिताऱ्यांच्या घराण्यातला हा माणूस, पंडित सेऊचा मुलगा, मानकूचा धाकटा भाऊ. जसरोट्याचा राजा बलवंतसिंह याची त्याने दाढी करून घेतानाची, पत्र लिहितानाची, थंडीत शाल पांघरून बसल्याची चित्रे काढली. १७६३ मध्ये बलवंतसिंह गेला, तेव्हा नैनसुख अस्थी घेऊन हरिद्वारला गेला. तिथल्या पंड्याच्या वहीत त्याने स्वतःच्या हाताने नोंद केली आणि सोबत चित्रही काढले. वहीच्या पानावर! चौदाव्या वर्षी मला त्या माणसाबद्दल जे वाटले, ते अजून तसेच वाटते.

मग वसली, म्हणजे लघुचित्राचा जाड कागद. हातकागदाचे तीन-चार ताव खळीने एकावर एक चिकटवायचे, खळीत कीड लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद. वजनाखाली वाळवून मग अकीकाच्या दगडाने घोटायचे. माझ्या पहिल्या वसलीत फुगे राहिले, दुसरी वाळताना वाकली, तिसरी जमली. तिच्यावर गेरूने पहिली रेघ, वर पांढऱ्याचा पातळ हात, खालची रेघ पुसट दिसेल इतकाच. मग पक्की रेघ आणि त्यानंतर रंग. गेरू, खडी आणि काजळ आम्ही स्वतः खलात घोटून बाभळीच्या डिंकात कालवत होतो. बाकीचे रंग सरांनी आणलेले. हरताळ हा पिवळा रंग विषारी, म्हणून त्याची पुडी त्यांनी नुसती लांबून दाखवली. रंग शिंपल्यांत ठेवायचे, वाळले तर दोन थेंब पाण्याने पुन्हा जागे करायचे.

ऑगस्टअखेर चित्राची जमीन, आकाश, झाड, साडी असे सगळे भरून झाले. आता चित्र काचेवर पालथे ठेवून पाठीमागून घोटायचे, म्हणजे रंग कागदात बसतो आणि त्याला मिनेकारीसारखी झळाळी येते. मी घोटले आणि उचलले, तर नायिकेचा अर्धा चेहरा आणि खांद्यावरची साडी काचेला चिकटून राहिली होती.

मी रडले. सरांनी मला रडू दिले. मग काचेवरचा रंग बोटाने चोळून दाखवला. भुकटी बोटाला लागली. डिंक कमी पडला होता आणि पांढरे नीट वाळलेही नव्हते. डिंक जास्त झाला तर रंगाला तडे जातात, कमी झाला तर असा हाताला येतो. वाळलेल्या रंगावरून बोट फिरवून पाहायचे, हे त्यांनी मला जूनमध्येच सांगितले होते. मी ते केले नव्हते. "काच राहू दे तशीच," एवढेच ते म्हणाले. ती काच पुढचे सहा आठवडे खिडकीत होती. दुसरे चित्र मी तिच्यासमोर बसून काढले.

दुसऱ्या वेळी हात वेगळा चालला. तिसरे हरीण मी आधी वीणेकडे पाठ करून काढले होते. गेरूची रेघ झाल्यावर लक्षात आले की सूर ऐकणारे जनावर असे उभे राहणार नाही. पांढऱ्याखाली ते झाकून नवे काढले, मान वळवलेले, एक पाय उचललेला. परदाजाला, म्हणजे छटेसाठी बारीक ठिपके आणि रेघा भरायला, सर्वांत जास्त दिवस गेले. गालाची गोलाई एवढ्या ठिपक्यांतून हळूहळू वर येते तेव्हा ती आपण काढली असे वाटत नाही, तिथे आधीच होती असे वाटते. डोळे सरांनी शेवटच्या दिवसासाठी ठेवायला सांगितले होते. सकाळच्या उजेडात, शाळा भरण्याआधी मी ते काढले. दाराशी उभे राहून सर पाहत होते, जवळ आले नाहीत.

स्पर्धेत मला दुसरा क्रमांक मिळाला. माझ्या मैत्रिणीच्या मेघ रागाला पहिला मिळाला आणि तो तिचाच होता. तिच्या ढगांसारखे ढग मला आजही जमत नाहीत.

पुढे अहमदनगरच्या निजामशाहीतले 'तारीफ-ए-हुसेनशाही' हे १५६५ च्या सुमाराचे सचित्र हस्तलिखित पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आहे, असे वाचले आणि त्यातली चित्रे छापील पाहिली. राणीची आकृती नंतर कोणीतरी पुसून टाकलेली, तरी तिथे कोणीतरी बसले होते हे पाहणाऱ्याला कळते. ते पाहून मी माझी तोडी कपाटातून काढली. इतक्या वर्षांत पांढरा रंग थोडा विरला आहे. कागद तिरका धरला की वळलेल्या हरणाच्या मागे गेरूतले ते पहिले, पाठ फिरवलेले हरीण पुसट दिसते.

सर आता नाहीत. शाळेच्या समारंभाला येताना मी चित्र घेऊन येणार आहे. चित्रकलेच्या वर्गात ती उत्तरेची खिडकी अजून असेल, तर पाच मिनिटे तिथे उभे राहून ते तिरके धरून पाहायचे आहे.