मॅडिसनने न म्हटलेलं वाक्य

जून २०२४ मध्ये अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात एक कायदा झाला. सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळा-कॉलेजांच्या प्रत्येक वर्गात बायबलातल्या दहा आज्ञांचा तक्ता लावायचा. आकार कमीत कमी ११ बाय १४ इंच, अक्षर मोठं आणि सहज वाचता येईल असं. हा धर्मप्रचार नाही, इतिहासाचं शिक्षण आहे, असं ठसवण्यासाठी कायद्याच्या मजकुरातच काही ऐतिहासिक दाखले घातले आहेत. त्यातला एक चौथा राष्ट्राध्यक्ष जेम्स मॅडिसन याच्या नावावर आहे. दहा आज्ञांच्या नीतितत्त्वांप्रमाणे स्वतःवर राज्य करण्याच्या आपल्या कुवतीवर आपण या नव्या राष्ट्राचं सगळं भवितव्य सोपवलं आहे, अशा अर्थाचं ते वाक्य.

मॅडिसनने हे कुठेही म्हटलेलं नाही. व्हर्जिनिया विद्यापीठात त्याच्या कागदपत्रांचं संपादन करणाऱ्या अभ्यासकांनी १९९०च्या दशकातच सांगितलं होतं की, असं वाक्य आम्हाला सापडत नाही आणि त्याच्या ज्ञात विचारांशी ते जुळतही नाही. त्याच दशकात डेव्हिड बार्टन या टेक्सासच्या प्रचारकानेही ते आपल्या ‘दुजोरा न मिळालेल्या’ अवतरणांच्या यादीत टाकलं. ‘अमेरिका ख्रिस्ती राष्ट्र म्हणूनच जन्माला आली’ या मांडणीचा सगळ्यात मोठा प्रसारक तोच. म्हणजे ज्याने ते घरोघरी पोचवलं त्यानेच हात झटकले, आणि तीसेक वर्षांनी तेच वाक्य विधिमंडळाने कायद्यात छापलं. कायद्याविरुद्धच्या खटल्यात वादींच्या इतिहासतज्ज्ञाला शपथेवर सांगावं लागलं की ही थाप आहे.

गंमत म्हणजे खोट्या अवतरणासाठी मॅडिसनपेक्षा वाईट माणूस शोधून सापडला नसता. १७८४ मध्ये व्हर्जिनियात पॅट्रिक हेन्री या स्वातंत्र्यलढ्यातल्या पुढाऱ्याने ख्रिस्ती धर्मशिक्षकांच्या पगारासाठी कर बसवण्याचं विधेयक आणलं होतं. कोणत्या पंथाच्या उपदेशकाला आपला कर जावा हे करदात्याने ठरवायचं, इतकी सवलतही त्यात होती. मॅडिसनने त्याविरुद्ध १७८५ मध्ये १५ मुद्द्यांचं निवेदन लिहून गावोगाव सह्या गोळा करवल्या. जी सत्ता ख्रिस्ती धर्माला बाकी धर्मांच्या वर बसवू शकते, तीच उद्या एका ख्रिस्ती पंथाला बाकी पंथांच्या डोक्यावर बसवेल. आणि तीन पेन्यांची सक्ती चालवून घेतली की पुढे कशाचीही सक्ती होऊ शकते, हा त्याचा युक्तिवाद. विधेयक बारगळलं आणि १७८६च्या जानेवारीत थॉमस जेफरसनने (पुढे तिसरा राष्ट्राध्यक्ष) लिहिलेला धर्मस्वातंत्र्याचा कायदा मंजूर झाला.

अशी अवतरणं तपासायला इतिहासाची पदवी लागत नाही. आधी तारीख आणि पत्ता बघायचा: कुणाला लिहिलं, कधी, कोणत्या भाषणात? नुसतं ‘जेम्स मॅडिसन’ एवढंच खाली असेल तर तिथेच संशय घ्यावा, कारण राष्ट्राच्या या संस्थापकांची पत्रं तारीखवार छापलेली आहेत. अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ‘फाउंडर्स ऑनलाइन’ या संकेतस्थळावर वॉशिंग्टन, फ्रँकलिन, अ‍ॅडम्स, जेफरसन, हॅमिल्टन, मॅडिसन यांचे पावणेदोन लाखांहून जास्त कागद फुकट शोधता येतात. वाक्यातले चार-पाच सलग शब्द अवतरणचिन्हात टाकून शोधायचे. अख्खं वाक्य टाकू नये. त्या काळचं स्पेलिंग वेगळं, विरामचिन्हं वेगळी, म्हणून खरं वाक्यसुद्धा निसटतं. काहीच मिळालं नाही तर मधले दोन दुर्मिळ शब्द घेऊन पुन्हा शोधावं. १७८७च्या घटनासभेतलं बोलणं असेल तर मॅक्स फॅरंडने १९११ मध्ये संपादित केलेले कामकाजाचे खंड आहेत, तेही इंटरनेटवर आहेत.

मग वाक्याचं वय काढायचं. ‘हे महान राष्ट्र ख्रिस्ती लोकांनी स्थापन केलं’ हे पॅट्रिक हेन्रीचं म्हणून फिरणारं वाक्य १९५६च्या एका मासिकातल्या लेखातून आलंय. लेखकाचं स्वतःचं भाष्य पुढच्या कुणीतरी हेन्रीच्या तोंडी घातलं. हेन्री वारला १७९९ मध्ये. दीडशे वर्षं जे वाक्य कुणालाच माहीत नव्हतं ते अचानक शीतयुद्धात कसं उगवतं, एवढं विचारलं तरी पुरतं.

खरं, पण कापलेलं अवतरण जास्त त्रासदायक. २८ जून १७८७ला ८१ वर्षांच्या फ्रँकलिनने फिलाडेल्फियाच्या घटनासभेत रोज सकाळी प्रार्थना करावी अशी सूचना मांडली. भाषण खरं आहे, सुरेख आहे, आणि चर्चच्या व्यासपीठांवरून ते हमखास वाचलं जातं. त्यानंतर सगळे प्रार्थनेला लागले आणि घटनेचा गुंता सुटला, ही पुढची कथा मात्र रचलेली. मॅडिसनच्या टिपणांत काय घडलं ते आहे. काहींना वाटलं, इतक्या उशिरा पाद्री बोलावला तर आत भांडणं लागलीत अशी बाहेर बोंब होईल. नॉर्थ कॅरोलायनाचा विल्यमसन म्हणाला, पाद्र्याला द्यायला सभेकडे पैसेच नाहीत. मतदान न होताच सभा उठली. फ्रँकलिनने आपल्या भाषणाच्या प्रतीवर शेरा लिहून ठेवला: तीन-चार जण सोडले तर सभेला प्रार्थनेची गरज वाटली नाही.

कात्री दुसऱ्या बाजूकडेही आहे, हे सांगितलं नाही तर अप्रामाणिकपणा होईल. ‘जगात धर्म नसता तर हे सगळ्यात उत्तम जग झालं असतं’ हे दुसरा राष्ट्राध्यक्ष जॉन अ‍ॅडम्सचं वाक्य नास्तिक मंडळी आवडीने पुढे ढकलतात. १९ एप्रिल १८१७च्या जेफरसनला लिहिलेल्या पत्रात ते आहे. पण अ‍ॅडम्स तिथे सांगतोय की हे वाक्य अनेकदा माझ्या ओठांवर आलं होतं. आणि लगेच पुढे म्हणतो, तसं बोललो असतो तर मीही तितकाच माथेफिरू ठरलो असतो, धर्माशिवाय हे जग म्हणजे नरक. उत्तर आफ्रिकेतल्या त्रिपोली या मुस्लिम राज्याशी झालेल्या तहाचंही तसंच. १७९६च्या त्या तहाच्या ११व्या कलमात अमेरिकेचं सरकार कोणत्याही अर्थाने ख्रिस्ती धर्मावर उभारलेलं नाही असं लख्ख लिहिलंय, आणि जून १७९७ मध्ये सिनेटने तो एकमताने मंजूर केला. भक्कम पुरावा आहे. पण त्या तहाच्या अरबी प्रतीत ते कलमच नाही, आणि १८०५च्या नव्या तहात ते वाक्य गळलं, हेही वाद घालणाऱ्याला माहीत असावं. नाहीतर समोरचा ते काढतो आणि तोंडघशी पडायला होतं. सिनेटसमोर इंग्रजी प्रत होती आणि तिच्यात ते कलम होतं, हे खरं उत्तर.

आता मूळ घटना. १७८७च्या मजकुरात देव नाही. तारखेत ‘आपल्या प्रभूच्या वर्षी’ ही तेव्हाची लिहिण्याची रीत आहे, आणि विधेयकावर सही करायला राष्ट्राध्यक्षाला दिलेल्या दहा दिवसांतून रविवार वगळलाय. ‘ख्रिस्ती राष्ट्र’वाले या दोन खुंट्यांवर बरंच ओझं टांगतात. उलट सहाव्या कलमात स्पष्ट आहे की कोणत्याही सरकारी पदासाठी धर्माची अट कधीही घालता येणार नाही. राष्ट्राध्यक्षाची शपथ मूळ इंग्रजीत ३५ शब्दांची. त्यात ‘देव मला साह्य करो’ नाही. वॉशिंग्टनने १७८९ मध्ये ते शब्द स्वतःहून जोडले असं शाळेत शिकवतात, पण त्या दिवशी हजर असलेल्या कुणाच्याही नोंदीत ते मिळत नाहीत.

माझ्या मते या वादातले सगळ्यात चांगले साक्षीदार एकोणिसाव्या शतकातले कट्टर ख्रिस्तीच आहेत, आणि त्यांना कुणी बोलावत नाही. यादवी युद्धाच्या ऐन धामधुमीत काही प्रोटेस्टंट मंडळींनी ‘नॅशनल रिफॉर्म असोसिएशन’ काढली. त्यांचं म्हणणं असं की घटनेत देवाचं नाव नाही हे राष्ट्राचं पाप आहे आणि युद्ध ही त्याची शिक्षा; म्हणून उद्देशिकेत देव आणि येशू ख्रिस्त यांची सत्ता मान्य करणारी दुरुस्ती करा. १८७४ मध्ये प्रतिनिधिगृहाच्या न्यायविषयक समितीने ती फेटाळली. तिकडे दक्षिणेतल्या फुटीर राज्यांनी १८६१ मध्ये स्वतःची घटना लिहिताना जुनीच समोर ठेवली, पण उद्देशिकेत सर्वशक्तिमान देवाची कृपा आठवणीने घातली. जे आधीपासून असतं ते कुणी नव्याने घालायला जात नाही.

चर्च आणि राज्य वेगळं ठेवणाऱ्या जेफरसनच्या ‘भिंती’कडे येताना एक खरी अडचण मान्य करावी लागते. सरकारने कोणताही धर्म स्थापू नये असं सांगणारी १७९१ची पहिली घटनादुरुस्ती मुळात फक्त केंद्रीय काँग्रेसचे हात बांधत होती. राज्यांना स्वतःचं चर्च ठेवायला मोकळीक होती: कनेक्टिकटमध्ये ते १८१८पर्यंत चाललं, मॅसॅच्युसेट्समध्ये १८३३पर्यंत. (१८१३ मध्ये मुंबईत उतरून मराठी मिशन सुरू करणारे हॉल आणि नॉट न्यू इंग्लंडच्या ज्या काँग्रिगेशनल मंडळींनी पाठवले, त्यांच्या चर्चसाठी तिकडे तेव्हा सरकार कर गोळा करत होतं.) कनेक्टिकटमधल्या बॅप्टिस्टाला हा कर चुकवायचा तर मी दुसऱ्या पंथाचा आहे असं प्रमाणपत्र दाखल करावं लागे. त्यालाच कंटाळून डॅनबरीच्या बॅप्टिस्ट संघाने ऑक्टोबर १८०१ मध्ये जेफरसनला लिहिलं: आम्हाला जे धर्मस्वातंत्र्य आहे ते मेहेरबानी म्हणून मिळतंय, हक्क म्हणून नाही. त्याचं १ जानेवारी १८०२चं उत्तर म्हणजे चर्च आणि राज्य यांच्यातल्या भिंतीचं ते प्रसिद्ध पत्र. भिंत मागणारे नास्तिक नव्हते, सरकारी चर्चच्या हातून पोळलेले भाविक होते. ‘भिंत एकाच दिशेने काम करते, सरकारने चर्चमध्ये नाक खुपसू नये एवढंच तिचं काम’ असं आजकाल सांगतात. पत्र जेमतेम पानभराचं आहे, त्यात दिशेबद्दल अक्षर नाही. मसुद्यातल्या खोडलेल्या ओळी १९९८ मध्ये एफबीआयच्या प्रयोगशाळेने वाचून काढल्या, तेव्हा दिसलं की उपास आणि आभारप्रार्थनेचे सरकारी दिवस आपण का जाहीर करत नाही हे जेफरसन तिथे लिहीत होता. पत्र लिहिलं त्याच दिवशी, १ जानेवारी १८०२ला, मॅसॅच्युसेट्सच्या चेशायर गावाहून बॅप्टिस्ट उपदेशक जॉन लेलंड त्याच्यासाठी १,२३५ पौंडांचं चीज घेऊन दारात हजर झाला. आणि दोनच दिवसांनी, रविवारी, प्रतिनिधिगृहाच्या सभागृहात लेलंडचं प्रवचन ऐकायला जेफरसन स्वतः जाऊन बसला. ‘ख्रिस्ती राष्ट्र’वाले हा रविवार दाखवतात, विरोधक पत्र दाखवतात. दोन्ही खरं आहे. सक्ती नसलेल्या प्रवचनाला जाणं आणि लोकांकडून धर्मासाठी कर घेणं, यातला फरक त्या पिढीला नीट कळत होता.

नाण्यांवरचं ‘देवावर आमचा विश्वास’ १८६४चं, तेही दोन सेंटच्या नाण्यावर. राष्ट्रीय ब्रीद ते झालं १९५६ मध्ये, कागदी नोटांवर आलं १९५७ मध्ये. शाळेतली निष्ठेची प्रतिज्ञा १८९२ मध्ये फ्रान्सिस बेलामी या बॅप्टिस्ट पाद्र्यानेच लिहिली, देवाशिवाय. देव तिच्यात १९५४ला आला, रशियाला उत्तर म्हणून. ‘पूर्वापार’ म्हणून सांगितलं जातं ते बरंचसं १९५०च्या दशकातल्या राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवरच्या काळातलं.

हे सगळं आता अभ्यासकांपुरतं राहिलेलं नाही, याला कारण सर्वोच्च न्यायालय. १९४७च्या एव्हरसन खटल्यात न्यायालयाने पहिल्या दुरुस्तीतली धर्मस्थापनेची मनाई राज्यांनाही लावली आणि जेफरसनची भिंत उचलून धरली (तरी पाच विरुद्ध चार मतांनी कॅथलिक शाळेच्या मुलांचं बसभाडं मंजूर केलंच). १९७१च्या लेमन खटल्यातून तीन कसोट्या आल्या: सरकारी कृतीचा हेतू ऐहिक आहे का, मुख्य परिणाम धर्माला पुढे रेटणारा किंवा दडपणारा आहे का, सरकार धर्मात गुंतून पडतं का. पहिल्याच कसोटीवर केंटकीच्या शाळांतले दहा आज्ञांचे तक्ते १९८० मध्ये नापास झाले. २०२२ मध्ये सामन्यानंतर मैदानावर प्रार्थना करणाऱ्या ब्रेमरटनच्या शालेय फुटबॉल प्रशिक्षकाच्या खटल्यात न्यायालयाने लेमन बाजूला सारून ‘ऐतिहासिक प्रथा आणि समज’ ही नवी कसोटी धरली. तेव्हापासून इतिहास हाच पुरावा. म्हणूनच लुइझियानाच्या कायद्यात मॅडिसन आला.

तक्त्यावर काय छापायचं तेही विधिमंडळानेच ठरवलं. टेक्सासच्या विधानभवनाच्या आवारातल्या १९६१च्या शिळेवरचा मजकूर उचलला, कारण ती शिळा २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकली होती. पण दहा आज्ञांची एकच यादी नाही. ज्यू परंपरेत पहिली आज्ञा म्हणजे ‘तुला मिसरातून बाहेर काढणारा तुझा देव मी आहे’. तक्त्यावर मिसर गायब. मूर्ती घडवू नकोस ही बहुतेक प्रोटेस्टंटांची वेगळी आज्ञा, कॅथलिक आणि लुथरन मोजणीत ती पहिलीतच मुरलेली. तक्त्यावर ती ठळक आहे, तीही प्रोटेस्टंटांच्या जुन्या किंग जेम्स बायबलच्या धाटणीच्या इंग्रजीत. टेक्सासने २०२५ मध्ये असाच कायदा केला, तक्ता फक्त मोठा, १६ बाय २० इंच. शाळेत कुणाचं बायबल, हा वाद जुनाच. फिलाडेल्फियाच्या सरकारी शाळांत किंग जेम्स बायबल वाचायचं, तर कॅथलिक मुलांना त्यांचं डुए बायबल वाचू द्या, अशी मागणी तिथल्या कॅथलिक बिशपने १८४२ मध्ये केली होती. मे १८४४ मध्ये त्यावरून दंगल पेटली, सेंट मायकल आणि सेंट ऑगस्टिन ही दोन चर्च जळाली, जुलैत पुन्हा रक्त सांडलं. दोन्हीकडचे ख्रिस्तीच होते.